सयाम-ब्रह्मदेशची मृत्यू-रेल्वे : काय पाहावे, कोणाला स्मरावे

बौद्ध देशांच्या यात्रेला जाणारी आपली मंडळी थायलंडमध्ये बँकॉकची विहारे, अयुथयाचे भग्नावशेष आणि थोडाफार बाजार एवढे पाहून परत येतात. ज्यांच्याजवळ आणखी दोन दिवस असतात, त्यांना सहल कंपन्या कांचनाबुरीला नेतात. बँकॉकच्या पश्चिमेला सुमारे १३० किलोमीटरवरचे हे नदीकाठचे गाव. तेथे एक लोखंडी पूल आहे. पुलावरून गाडी जाते, खाली होड्या फिरतात आणि पुलाच्या तोंडाशी टोप्या, सदरे, शहाळी विकणाऱ्यांची रांग असते. लोक रुळांवर उभे राहून फोटो काढतात. गाडीची शिटी वाजली की बाजूच्या कठड्याजवळ सरकतात आणि गाडी गेली की पुन्हा रुळांवर येतात.

हा पूल ज्या रेल्वेचा भाग आहे, तिला जग ‘मृत्यूची रेल्वे’ म्हणते. आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने सरळ विचारले, जेथे लाखभर माणसे मेली तेथे सहलीला जाणे शोभते का? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, जरूर जावे. परंतु तेथे कोण मेले, याची नीट माहिती करून घेऊन जावे. कारण जाणाऱ्याला जे दाखवले जाते आणि तेथे जे घडले, त्यांत मोठे अंतर आहे. प्रस्तुत लेख त्या अंतराविषयी आहे.

रेल्वे कशासाठी बांधली

जपान डिसेंबर १९४१ मध्ये युद्धात उतरला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले. थायलंडच्या सरकारने जपानशी आधीच हातमिळवणी केली होती. ब्रह्मदेशातील जपानी सैन्याला रसद पोहोचवायची तर जहाजांनी सिंगापूरला वळसा घालून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून रंगूनला जायचे. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली आणि तो समुद्रमार्ग भरवशाचा राहिला नाही. म्हणून जमिनीवरून वाट काढायचे ठरले. थायलंडमधील बान पाँगजवळच्या नाँग प्लादुकपासून ब्रह्मदेशातील थानब्यूझयातपर्यंत ४१५ किलोमीटर मीटरगेज रेल्वे टाकायची, अशी ती योजना होती.

नकाशा पाहिल्यावर या कामाची कल्पना येते. ख्वे नोई नदीच्या काठाकाठाने, डोंगरकडे फोडत, घनदाट बांबूच्या रानातून हा मार्ग वर चढतो आणि ‘तीन चैत्यांच्या खिंडी’तून सीमा ओलांडतो. खिंडीत खरोखरच तीन लहान पांढरे चैत्य आहेत. शतकानुशतके ब्रह्मी आणि सयामी सैन्ये याच खिंडीतून एकमेकांवर चालून गेली. पावसाळ्यात तेथे कोकणासारखी झड लागते. अशा मुलखात ६०० हून अधिक लहानमोठे पूल, मातीचे भराव, खडकातल्या खिंडी, हे सर्व मुख्यतः कुदळ, फावडे, पाटी, घण आणि पहार यांच्या बळावर उभे केले गेले. काही ठिकाणी हत्ती होते. यंत्रे फार थोडी होती. रूळ मलाया व ब्रह्मदेशातील जुने मार्ग उखडून आणले, पुलाच्या कमानी जावामधून आणल्या. १९४२ च्या उत्तरार्धात दोन्ही टोकांकडून काम सुरू झाले आणि १७ ऑक्टोबर १९४३ रोजी कोनकोइता येथे रूळ एकमेकांस मिळाले. १९४४ साली इम्फाळ-कोहिमावर चालून आलेल्या सैन्याच्या पाठीशी हीच रेल्वे होती. म्हणजे तिचे एक टोक, अर्थाने तरी, भारताच्या दारापर्यंत येते.

आकडे काय सांगतात

विद्यार्थ्यांनी येथे वही काढावी. या रेल्वेवर ६० हजारांहून अधिक युद्धकैदी राबले. ते ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच आणि थोडे अमेरिकन होते. त्यांपैकी १२ हजारांहून अधिक मेले. ढोबळ मानाने पाचांतला एक.

याच रेल्वेवर आशियाई मजूर किती राबले? अंदाज १ लाख ८० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत जातात. त्यांतील सुमारे ९० हजार मेले असे मानले जाते. म्हणजे दोन-तीन माणसांतला एक. काही अभ्यासक आकडा याहून वर नेतात. जपानी भाषेत या मजुरांना ‘रोमुशा’ म्हणत. त्यांत ब्रह्मी होते, मलायातील तमिळ, मलय व चिनी होते, जावाचे लोक होते, काही थाई होते. एकट्या मलायातून गेलेल्यांची संख्या ७५ हजारांच्या आसपास धरली जाते आणि त्यांत सर्वाधिक भरणा रबराच्या मळ्यांवरील तमिळ मजुरांचा होता.

दोन्ही आकड्यांची बेरीज करून ४१५ ने भागले तर दर किलोमीटरमागे सुमारे अडीचशे मृत्यू येतात. ‘एका स्लीपरमागे एक जीव’ असे तेथील वाटाडे सांगतात, ते मात्र खरे नाही. किलोमीटरला हजाराहून अधिक स्लीपर लागतात. तसा हिशेब केला तर चार लाखांवर मृत्यू होतील. अन्यायाची गोष्ट सांगताना आकडा फुगवण्याची गरज नसते. खरा आकडा पुरेसा भयंकर आहे आणि खोटा आकडा पकडला गेला की विरोधक खऱ्यावरही शंका घेतो, हे आपल्या चळवळीतील जुन्या कार्यकर्त्यांना चांगले ठाऊक आहे.

आता या आकड्यांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. कांचनाबुरीच्या मुख्य युद्धस्मशानात सुमारे ७ हजार कबरी आहेत. जवळच चुंगकाई येथे १,७०० च्या वर आहेत. ब्रह्मदेशात थानब्यूझयात येथे ३,७०० च्या वर आहेत. अमेरिकन मृतांचे अवशेष त्यांच्या देशाने परत नेले. या तिन्ही स्मशानांत हिरवळ राखलेली आहे, प्रत्येक कबरीवर काशाची पाटी आहे, पाटीवर नाव, पलटण, वय, तारीख आणि कित्येक ठिकाणी घरच्यांनी कळवलेली एखादी ओळ आहे. वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या त्या पाट्या वाचताना कोणाचेही मन द्रवेल. द्रवावेच. त्या पोरांनी काही कमी सोसले नाही.

परंतु ९० हजारांसाठी अशी एकही पाटी नाही. मुख्य स्मशानाच्या प्रवेशद्वारातील इमारतीत अविभाजित भारताच्या सैन्यातील ११ शिपायांची नावे कोरलेली आहेत. थायलंडमधील मुस्लिम दफनभूमींतील त्यांच्या कबरींची निगा राखणे शक्य नव्हते म्हणून ती येथे नोंदवली. भारतीय वाचकाने ती अवश्य वाचावीत आणि एक गोष्ट ध्यानात घ्यावी : शिपाई म्हणून मेलेल्या ११ जणांचे नाव सापडते, हमाल म्हणून मेलेल्या हजारोंचे सापडत नाही.

नाव टिकते ते कशामुळे

हा भेद केवळ गोऱ्या-काळ्याचा आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तो आहेच, पण विद्यार्थ्यांनी एवढ्यावर थांबू नये. नाव टिकण्यासाठी काही व्यवस्था लागते. युद्धकैद्यांपाशी ती होती. त्यांच्या पलटणी होत्या, हजेरीपट होते, अधिकारी होते. कोण कोठे, कशाने मेला याच्या याद्या त्यांनी बांबूच्या नळ्यांत, कबरींत, डब्यांत लपवून ठेवल्या. युद्ध संपताच १९४५ च्या शरदात एक लहानशी तुकडी या मार्गावरून फिरली आणि तिने १४४ ठिकाणच्या १० हजारांहून अधिक कबरी हुडकून काढल्या. आजची स्मशाने त्या याद्यांवर उभी आहेत.

कैद्यांपाशी डॉक्टरही होते. औषधे नव्हती, पण पाणी उकळूनच प्यायचे, संडास दूर खणायचे, आजाऱ्याला वेगळे ठेवायचे, हे सांगणारे आणि करवून घेणारे कोणी होते. ऑस्ट्रेलियन शल्यवैद्य एडवर्ड डनलॉप यांचे नाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. कांचनाबुरीचे व्यापारी बूनपाँग सिरिवेज्जभंडु हे छावण्यांना माल पुरवण्याच्या निमित्ताने जीव धोक्यात घालून चोरून औषधे पोहोचवीत.

तमिळ मजुराच्या छावणीत यांतले काहीच नव्हते. तो कंगाण्याच्या हाताखाली आला होता. कंगाणी म्हणजे गावाकडून माणसे गोळा करून मळ्यावर नेणारा मुकादम. मुकादम आणि टोळी हे प्रकरण ऊसतोडीच्या भागातील आपल्या वाचकांना निराळे समजावून सांगायला नको. युद्धामुळे रबराची निर्यात थांबली आणि मळे ओस पडले. उपाशी मजुराला आधी चांगल्या रोजंदारीचे आणि तीन महिन्यांत परत येण्याचे आमिष दाखवले. ते पुरेना तेव्हा धरपकड झाली. फुकट सिनेमा दाखवतो म्हणून बोलावून मालमोटारीत घातल्याच्या हकिगती वाचून आलेल्यांनी सांगितल्या आहेत. कित्येकजण बायकामुलांसह गेले. मे-जून १९४३ मध्ये पावसाबरोबर पटकीची साथ आली तेव्हा या छावण्यांत माणसे दिवसागणिक ओळीने मेली. हिवताप, हगवण, बेरीबेरी आणि चिघळलेल्या जखमा या तर नेहमीच्याच होत्या. मेलेल्यांना खड्ड्यांत एकत्र पुरले किंवा जाळले. यादी ठेवणारा कोणी नव्हता आणि असता तर त्याला लिहिता येत होते की नाही, हाही प्रश्नच आहे.

हे मजूर कोण होते? मलायाच्या मळ्यांवर गेलेल्या तमिळ मजुरांत परैयर, पल्लर अशा अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. गावच्या विहिरीवर पाणी मिळत नाही, शेत नाही, सावकार पाठीशी लागलेला, म्हणून ते समुद्र ओलांडून गेले. आपल्याकडची माणसे त्याच कारणांनी गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत आणि पलटणीत गेली. म्हणून ही रेल्वे आम्हांस परक्या युद्धाची परकी गोष्ट वाटत नाही.

आणखी एक योगायोग नोंदवला पाहिजे. ज्या जुलै १९४२ च्या सुमारास ही रेल्वे आकार घेत होती, त्याच महिन्यात दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. युद्धाच्या धामधुमीतही मजुराच्या कामाचे तास, सुट्टी, किमान वेतन, मालक-मजूर-सरकार यांची एकत्र बैठक, या गोष्टी त्यांनी कायद्याच्या पातळीवर आणल्या. कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. बाबासाहेबांचा या रेल्वेशी काही संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. जपानच्या ताब्यातील मुलखात दिल्लीच्या मजूरमंत्र्याची सत्ता चालण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्याच वर्षांत एकीकडे मजूर म्हणजे हक्क असलेला माणूस अशी कायद्यात नोंद होत होती आणि दुसरीकडे मजूर म्हणजे मोजायचीही गरज नसलेला ऐवज, असे चालले होते. हजेरीपट, वेतनचिठ्ठी, कामगार कार्ड यांना आपण कागद म्हणून हसतो. हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाचे काय होते, ते ख्वे नोईच्या काठी पाहावे.

दगडावरच्या नावाचे मोल आपल्या समाजाला तर विशेष माहीत आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर मृतांची ४९ नावे आहेत आणि त्यांतली २२ ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची आहेत. ती नावे कोरलेली नसती तर १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे काय दाखवण्यासाठी गेले असते?

प्रत्यक्ष पाहताना

आता प्रवासाविषयी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. बँकॉकच्या थोनबुरी स्थानकावरून कांचनाबुरीमार्गे नाम तोकपर्यंत साधी प्रवासी गाडी जाते. लाकडी बाके, उघड्या खिडक्या, आणि शाळकरी पोरांपासून भाजीवालीपर्यंत सर्वजण. सहल कंपनीच्या गार गाडीपेक्षा हिने जावे. एका दिवसात पूल, स्मशान आणि धबधबा उरकण्याचा जो कार्यक्रम विकला जातो तो घेऊ नये. दोन मुक्काम तरी करावेत.

पूल पाहताना कमानींकडे लक्ष द्या. गोल पाठीच्या कमानी मूळच्या, जावाहून आणलेल्या. मधल्या दोन सरळ, टोकदार कोनांच्या आहेत. दोस्तांच्या विमानांनी १९४४-४५ मध्ये पूल फोडल्यावर युद्धानंतर जपानने भरपाई म्हणून त्या बसवून दिल्या. पुलाच्या नावाची गंमतही ऐकण्यासारखी आहे. पिएर बूल यांची कादंबरी १९५२ मध्ये आणि तिच्यावरचा गाजलेला इंग्रजी चित्रपट १९५७ मध्ये आला. त्यात पूल क्वाय नदीवर दाखवला. प्रत्यक्षात हा पूल मे क्लाँग नदीवर होता. प्रवासी येऊन क्वाय नदी कोठे म्हणून विचारू लागले, तेव्हा १९६० च्या सुमारास नदीच्या या भागाचे नावच ‘ख्वे याई’ करण्यात आले. आणि चित्रपटाचे चित्रण तर थायलंडमध्ये नव्हे, श्रीलंकेत कितुलगला येथे झाले होते! नदीने नाव बदलले, पण चित्रपटात ज्यांना जागा मिळाली नाही त्या तमिळ आणि ब्रह्मी मजुरांना अजूनही पुलावरच्या गर्दीत जागा मिळालेली नाही.

पुलाच्या पुढे गाडी नदीच्या कडेने जाते. थाम क्रासे येथे कड्याला चिकटून लाकडी खांबांवर उभा असलेला लांब पूल आहे. गाडी तेथे अगदी हळू चालते, खाली नदी, हाताच्या अंतरावर कातळ. शेजारच्या गुहेत बुद्धमूर्ती आहे. उतरून वंदन करणाऱ्यांनी जरा वेळ खांबांकडेही पाहावे. नाम तोकला रूळ संपतात. थाई रेल्वेने १९५८ मध्ये येथपर्यंतचा मार्ग पुन्हा सुरू केला, पुढचे रूळ उखडले गेले, आणि वरच्या भागातला बराच मार्ग ख्वे नोईवरील मोठ्या धरणाच्या पाण्याखाली गेला. रूळ जेथे मिळाले ते कोनकोइताही त्यात बुडाले.

नाम तोकच्या पुढे रस्त्याने गेल्यावर ‘हेलफायर पास’ लागते. एप्रिल १९४३ मध्ये येथे खडक फोडायला सुरुवात झाली. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, भोक पडले की सुरुंग लावायचा आणि फुटलेला दगड हातांनी वाहायचा. काम वेळेत होत नाही म्हणून रात्रपाळी लावली. बांबूच्या होळ्या आणि दिवट्या यांच्या उजेडात, उघड्या अंगाची हाडकुळी माणसे वरून नरकातल्यासारखी दिसत, म्हणून कैद्यांनी हे नाव ठेवले. कातळात तुटलेल्या पहारीचे तुकडे अजून अडकलेले दिसतात. ऑस्ट्रेलियाने १९९८ मध्ये तेथे संग्रहालय उभारले. प्रवेश विनामूल्य आहे, पायऱ्या पुष्कळ आहेत. वृद्धांनी सांभाळून उतरावे. सुमारे २५ मीटर उंचीच्या त्या दोन भिंतींमधून चालताना बोलणारी मंडळी आपोआप गप्प होतात. आमचेही तसेच झाले.

ब्रह्मदेशाच्या बाजूला थानब्यूझयात येथे २०१६ मध्ये संग्रहालय उघडले. पण २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्या भागात लढाई पेटली आहे, तेव्हा तिकडचा बेत तूर्त करू नये.

विहारातले संग्रहालय आणि पाच अक्षरे

कांचनाबुरीतच वात चाय चुम्पोन नावाच्या विहाराच्या आवारात एक साधे संग्रहालय आहे. १९७७ मध्ये विहाराच्या प्रमुख भिक्खूंनी ते सुरू केले. कैद्यांच्या बांबूच्या झोपडीसारखीच लांब झोपडी, आत मचाण, जुनी छायाचित्रे आणि कैद्यांनी काढलेली चित्रे. युद्धाची आठवण विहाराने जपावी, ही गोष्टच आम्हांस मोठी वाटली. वैर जागवण्यासाठी नव्हे तर पुन्हा असे होऊ नये म्हणून ते उभारले, अशी त्यामागची भावना आहे.

त्या संग्रहालयाचे नाव ‘जीथ’. इंग्रजीतील ‘डेथ’ हा शब्द फार भीषण वाटतो, म्हणून पहिले अक्षर बदलून देशांची आद्याक्षरे घेतली : जपान, इंग्लंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया, थायलंड, हॉलंड. भिक्खूंच्या हेतूविषयी आमच्या मनात आदरच आहे. तरीही विद्यार्थ्यांनी ही अक्षरे पुन्हा वाचावीत. त्यांत ब्रह्मदेश नाही. मलाया नाही. जावा नाही. भारत नाही. ज्यांचे सर्वाधिक लोक मेले, त्यांचे एकही अक्षर नाही. हे कोणी वाईट बुद्धीने केले नाही, आणि म्हणूनच ते अधिक विचार करण्यासारखे आहे. ज्यांची सरकारे, वकिलाती, पलटणीच्या संघटना आणि छापलेली पुस्तके असतात, त्यांची अक्षरे नावात येतात. चांगल्या मनाच्या माणसालाही जो दिसत नाही, तोच खरा वगळलेला.

बौद्ध म्हणून आपल्याला जो प्रश्न टाळता येत नाही

ही रेल्वे बौद्ध देशांतून गेली. थायलंड बौद्ध, ब्रह्मदेश बौद्ध. १९५४ च्या जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब रंगूनला गेले ते याच देशात. आणि बांधणारे सैन्य ज्या जपानचे, तेथेही घरोघरी बुद्ध पूजला जात होता. मग हे कसे झाले?

काही लोक म्हणतात, सैनिक बौद्ध नव्हतेच. हे उत्तर आम्हांस सोयीचे वाटते, खरे वाटत नाही. जपानमधील अनेक बौद्ध पंथांनी त्या काळी सम्राटाच्या युद्धाला आशीर्वाद दिला, आज्ञापालन आणि मरणाची तयारी यांनाच धम्म म्हणून शिकवले. सोतो झेन पंथाने १९९२ मध्ये त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. जेथे शील बाजूला राहून राष्ट्र आणि सम्राट मोठे होतात, तेथे विहार असले तरी मजुराला पाणी मिळत नाही. त्रिशरण-पंचशीलाचे पठण आपणही दर रविवारी करतो. ‘पाणातिपाता वेरमणी’ हे शब्द केवळ कोंबडी-बकऱ्यापुरते नाहीत, हे या रेल्वेवर नीट कळते.

जपानी सैन्यानेही १९४४ मध्ये पुलाजवळ मृतांसाठी एक स्मारक उभारले. ज्यांनी मारले त्यांनीच वर्षभरात स्मारक बांधले, यावर हसावे की रडावे कळत नाही.

या सर्वांत ताकाशी नागासे यांची हकिगत वेगळी आहे. ते कांचनाबुरीत जपानी लष्करी पोलिसांचे दुभाषे होते. एरिक लोमॅक्स या ब्रिटिश कैद्याकडे चोरून बनवलेला रेडिओ आणि रेल्वेचा नकाशा सापडला, त्याचा अमानुष छळ झाला, तेव्हा प्रश्न आणि उत्तरे नागासे यांच्या तोंडून जात होती. युद्ध संपल्यावर कबरी शोधणाऱ्या ज्या तुकडीचा उल्लेख वर केला, तिच्याबरोबर हेच नागासे दुभाषे म्हणून गेले. कबरीमागून कबर पाहताना त्यांचे मन पालटले. पुढे आयुष्यभर ते थायलंडला जात राहिले, काही काळ चीवर धारण केले, पुलाजवळ शांतीसाठी विहार बांधला, थाई मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. लोमॅक्स यांनी पन्नास वर्षे मनात सूड जपला होता. नागासे यांचे पुस्तक वाचनात आल्यावर पत्रव्यवहार झाला, १९९३ मध्ये कांचनाबुरीत दोघे वृद्ध समोरासमोर आले आणि लोमॅक्स यांनी क्षमा केली. अवैराची शिकवण आपण प्रवचनात ऐकतो. ती येथे दोन थकलेल्या माणसांनी आचरून दाखवली.

आम्ही ही कथा वर्गात नेहमी सांगतो. सांगताना मात्र एक पुस्ती जोडतो. लोमॅक्स यांना नागासे सापडले, कारण दोघांनाही नावे होती, पत्ते होते, लिहिता येत होते. पेराक-सेलांगोरच्या मळ्यावरून नेलेल्या तमिळ मजुराच्या विधवेला क्षमा करायला कोण सापडणार होते? तिच्याकडे क्षमा मागायला कोणी आलेच नाही.

शेवटचा थांबा

म्हणून कांचनाबुरीला जाणाऱ्या आपल्या प्रत्येक तुकडीला आम्ही एक ठिकाण आवर्जून सांगतो. मुख्य युद्धस्मशान पाहून झाल्यावर लगेच गाडीत बसू नका. जवळच वात थावॉर्न वराराम हे व्हिएतनामी परंपरेचे महायान विहार आहे. गावात इमारती उठू लागल्या तेव्हा जमिनीतून मजुरांच्या अस्थी निघत राहिल्या. १९९० मध्ये तर एका शेतात शेकडो सांगाडे एकत्र सापडले. अशा निनावी आशियाई मजुरांच्या अस्थींचे स्मारक या विहाराच्या आवारात आहे. सहल कंपन्यांच्या फलकांवर ते बहुधा नसते. विचारत जावे लागते. मलेशियातील तमिळ मंडळींनी, त्यांत या मजुरांची मुले-नातवंडेही आहेत, पुष्कळ वर्षे खटपट करून २०२३ मध्ये तेथे आपल्या पद्धतीचा वीरगळ उभारला. तमिळमध्ये त्याला ‘नडुकल’ म्हणतात.

विहारात शिरताना पादत्राणे बाहेर काढावीत, खांदे-गुडघे झाकलेले असावेत, मूर्तीकडे पाय करून बसू नये. भगिनींनी भिक्खूंच्या हाती थेट वस्तू देऊ नये, ती समोर ठेवावी. उदबत्ती आणि फुले आवाराबाहेर मिळतात. तेथे वाचायला नावे नाहीत, त्यामुळे मंडळी दोन मिनिटांत निघतात. आमच्या तुकड्या तेथे त्रिशरण-पंचशील घेतात आणि मग ज्या ज्या मुलखांतून माणसे आणली गेली त्या मुलखांचे एकेक नाव मोठ्याने उच्चारतात : ब्रह्मदेश, मलाया, जावा, सयाम, तमिळनाडू. मागच्या वेळी एका विद्यार्थिनीने त्यात गावांची नावे घालता येतील का, असे विचारले. मलायातील जुन्या मळ्यांच्या नोंदींतून ती काढता येतील का, हे पाहण्याचे काम तिने आणि आणखी तिघांनी हाती घेतले आहे. ज्यांना तमिळ वाचता येते अशा सभासदांनी त्यांना जरूर मदत करावी.